रेस सोडली की इंजिन थरथरतं? स्क्रूला हात लावण्याआधी चोरटी हवा शोधा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जुनं, चार सिलिंडरचं, साधारण दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, त्यावर दोन बॅरलचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा). थंड असताना चोकवर नीट चालतं. गरम झालं की आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) थरथरतं, कधी बंदच पडतं, पण रेस दिली की मोकळं होतं. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, प्लग नवे टाकले, गाडी बंद पडू नये म्हणून आयडल स्पीडचा स्क्रू पिळत पिळत बराच आत नेला. आता तर चावी काढल्यावरही इंजिन दोन-चार गचके खाऊन मग थांबतं. तेव्हा नवा कार्ब्युरेटर घ्यावा का?

एवढ्यात नको. तुम्ही सांगितलेली लक्षणं कार्ब्युरेटरपेक्षा जास्त त्याच्या खाली आणि आजूबाजूला बोट दाखवतात. थंड इंजिनात चोकमुळे (हवेची वाट आवळणाऱ्या चकतीमुळे) मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे जादा पेट्रोलचं, केलेलं असतं. कुठून जास्तीची हवा शिरत असली तरी ते जादा पेट्रोल तिला झाकून टाकतं. चोक उघडला की ती हवा उघडी पडते, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, होतं आणि एखाददुसरा सिलिंडर फायर चुकवायला लागतो. जोवर ही हवा सापडत नाही, किंवा ती नाहीच अशी खात्री होत नाही, तोवर मिक्श्चर स्क्रूला (आयडलचं मिश्रण ठरवणाऱ्या) हात लावू नका. गळकं इंजिन ट्यून करता येत नाही. फार तर ते आज एका तापमानाला बरं वाटतं आणि उद्या पुन्हा रुसतं.

व्हॅक्यूमची एवढीशी नळी निसटल्याने इतका फरक पडतो हे पुष्कळांना पटत नाही, म्हणून थोडा हिशेब. दीड लिटरचं गरम इंजिन आयडलला सेकंदाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम हवा घेतं. थ्रॉटलची चकती (रेस दिल्यावर उघडते ती) जवळपास बंद असते, मॅनिफोल्डमधला (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या शाखांच्या नळीतला) दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. अशा वेळी ४ मिमी व्यासाची एक नळी निसटली तर त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते, आणि ती भरते सेकंदाला सुमारे दोन ग्रॅम. म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या हवेइतकीच हवा पेट्रोलशिवाय आत आली. रस्त्यावर हेच इंजिन सेकंदाला पंधरा-वीस ग्रॅम हवा पीत असतं. गळतीची हवा मात्र तेवढीच राहते, उलट थ्रॉटल जास्त उघडला की व्हॅक्यूम (आतल्या कमी दाबाची ओढ) कमी होऊन ती घटते. म्हणून रेस दिली की गाडी शहाण्यासारखी वागते. रेस दिल्यावरही तीच मिसिंग तशीच राहत असेल तर व्हॅक्यूम सोडा आणि इग्निशन, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), कॉम्प्रेशन यांच्याकडे वळा.

गळतीची जागाही आवाजावरून थोडीफार कळते. हवा कार्ब्युरेटरच्या बुडाशी शिरत असेल तर ती सगळ्या सिलिंडरना कमी-अधिक सारखी वाटली जाते. गळती बेताची असेल तर थरथर न होता आयडलच वर चढतं आणि स्क्रू पूर्ण सैल करूनही खाली येत नाही. मॅनिफोल्डच्या एकाच शाखेत गळती असेल तर तोच सिलिंडर उपाशी राहतो आणि इंजिन ठरावीक लयीत लंगडतं.

आता तुम्ही पिळलेल्या त्या स्क्रूबद्दल. कार्ब्युरेटरमध्ये बंद थ्रॉटलच्या कडेशी एक उभी बारीक फट असते, ट्रान्स्फर स्लॉट. आयडलला तिचा अगदी थोडा भाग थ्रॉटलच्या खाली उघडा असावा. स्पीड स्क्रूने चकती जास्त उघडून ठेवली की फट जास्त उघडी पडते, पेट्रोल तिथूनच यायला लागतं आणि मिक्श्चर स्क्रू फिरवला तरी इंजिन दाद देत नाही. 'स्क्रू पूर्ण आत नेला तरी फरक पडत नाही' अशी जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. चावी काढल्यावरचे गचकेही याचेच. चकती उघडी, सिलिंडर तापलेला, हवा-पेट्रोल चालूच, मग ठिणगीशिवायही ते पेट घेतं. तिसरा परिणाम अजून फसवा आहे. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपल्या गॅरेजमधल्या डेल्कोच्या, ॲडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी ज्या छिद्राला जोडलेली असते ते पुष्कळ कार्ब्युरेटरमध्ये बंद चकतीच्या किंचित वर असतं. आयडलला तिथे व्हॅक्यूम नसायला हवा. चकती उघडी राहिली की तो यायला लागतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे सरकतं, आरपीएम वाढतो, मग पडतो, पुन्हा वाढतो. ही वरखाली होणारी चाल पाहून माणूस पुन्हा मिक्श्चरशी खेळतो. तर पहिलं काम म्हणजे तो स्पीड स्क्रू मागे घ्या. गाडी आयडलला टिकत नसेल तर तपासणीपुरतं कुणाला तरी पायाने रेस धरायला सांगा.

नळ्यांकडे वळण्याआधी इग्निशन एकदा बघून टाका, कारण कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे निम्मे आजार तिथले असतात असं माझं मत आहे. पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क) असतील तर त्यांचा गॅप (चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ०.४ ते ०.५ मिमी, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये), डेल्कोच्या टोपीला आतून तडा किंवा काजळीची रेघ, रोटरचं टोक, प्लगच्या वायरी. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावताना बहुतेक इंजिनांत ॲडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करावं लागतं. तोंड बंद करायला विसरलात तर तुम्हीच नवी गळती तयार केली. मग प्लग काढून ओळीने मांडा. चारही सारखे पांढरट असतील तर हवा सगळीकडे जातेय, म्हणजे बुडाशी किंवा एखाद्या सामाईक नळीत. एकच पांढरा असेल तर त्या सिलिंडरच्या शाखेपाशी शोधा. काळे, कोरड्या काजळीचे असतील तर मात्र प्रकरण उलटं आहे, पेट्रोल जास्त जातंय, आणि त्याचं मी पुढे लिहितो.

यानंतरची चाचणी फुकटची आहे आणि मला सर्वांत जास्त आवडते. इंजिन गरम, एअर फिल्टर काढलेला, आयडलवर. हाताने चोकची चकती हळूहळू थोडी बंद करा. आरपीएम वाढला, थरथर कमी झाली, तर मिश्रण लीन आहे आणि बहुधा हवेची गळती आहे. लगेच घुसमटून बंद पडायला लागलं तर मिश्रण आधीच रिच आहे किंवा बिघाड भलताच आहे. बोटं, बाह्या आणि पंख्याचा पट्टा यांच्यात अंतर ठेवा. बॅकफायर झाला तर कार्ब्युरेटरच्या तोंडातून ज्वाळा येते, तेव्हा वाकून आत डोकावू नका. आणि हे सगळं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

व्हॅक्यूम गेज (ही ओढ मोजणारं मीटर) नसेल तर घ्या. जुन्या गाड्यांना त्याच्याइतकं बोलकं हत्यार दुसरं नाही. गेज थ्रॉटलच्या खालच्या, थेट मॅनिफोल्डच्या छिद्राला लावा. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन गरम आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा जवळपास स्थिर राहतो. उंचावर दर ३०० मीटरला साधारण एक इंच वजा करा, नाहीतर घाटमाथ्यावरच्या धडधाकट गाडीला आजारी ठरवाल. मुळात रेसिंगचा कॅम बसवलेला असेल तर काटा १२-१४ वर थोडा हलत राहतो, ते त्याचं स्वाभाविक आहे.

आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. काटा स्थिर पण खाली, तेरा-पंधराच्या घरात, तर टायमिंग मागे पडलंय किंवा मध्यम गळती आहे. टायमिंग लाइटने पहिली शक्यता निकालात निघते. काटा १० च्याही खाली आणि स्थिर असेल तर मोठी गळती, बुडाचं किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग. काटा ठरावीक अंतराने, न चुकता तीन-चार इंच खाली झटका खात असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. असा झटका अधूनमधून, अनियमित येत असेल तर अडकणारा व्हॉल्व्ह किंवा चुकणारा प्लग. काटा आळसावल्यासारखा चार-पाच इंचांत वरखाली तरंगत असेल तर मिश्रण. आणि २५०० आरपीएमला इंजिन धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबलाय का ते बघा. बिचाऱ्या कार्ब्युरेटरला त्याचा जाब विचारला जातो, म्हणून सांगितलं.

आता मुख्य काम. बोनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांची आकृती चिकटवलेली असेल तर तिचा फोटो काढा, नसेल तर जे आहे त्याचा काढा आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टीचा तुकडा लावून नंबर द्या. मग मॅनिफोल्डवर आणि कार्ब्युरेटरच्या खालच्या भागावर जितकी छिद्रं आहेत तितकी सगळी बंद करा. ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा), पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह), ॲडव्हान्स, ईजीआर (जळालेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरणारा डबा), हीटरचे कंट्रोल, काहीही सुटू देऊ नका. रबरी टोप्या किंवा नळीत घट्ट बसेल असा बोल्ट पुरतो. बूस्टरची नळी काढलेली असताना गाडी जागची हलवायची नाही, ब्रेक दगडासारखा कडक होतो. आता इंजिनाकडे फक्त कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि ठिणगी एवढंच उरलं. सुरू करा.

आयडल सुधारलं आणि गेज वर चढला तर गळती नळ्यांत किंवा नळीच्या टोकाला असलेल्या यंत्रांत आहे. एकेक नळी परत जोडत जा आणि दर वेळी गेजकडे बघा. जिच्यापाशी काटा पडतो ती नळी किंवा तिच्या टोकाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) दोषी. काहीच सुधारलं नाही तर गळती पक्क्या सांध्यांत आहे, किंवा गळती नाहीच. या एका पायरीने अर्धं क्षेत्र बाद होतं. चालू इंजिनावर नळ्या चिमट्याने दाबून बघणं ही तिची झटपट आवृत्ती, पण जुन्या कडक नळ्या चिमटल्या की तिथेच फुटतात, म्हणून मला ती फारशी पसंत नाही. नळी बदलायचीच ठरली असेल तर खुशाल दाबा.

ब्रेक बूस्टरपासून सुरुवात करा, कारण त्याची नळी सर्वांत जाड, म्हणजे गळतीही सर्वांत मोठी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा डायफ्रॅम गेलाय. पेडल दाबल्यावर डॅशबोर्डखाली सतत फुसफुस येत असेल आणि त्याच वेळी आयडल बदलत असेल तर शंका नको. बूस्टरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासता येतो. बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे हवा जायला हवी, उलट नाही. बऱ्याच इंजिनांत ही नळी एकाच सिलिंडरच्या शाखेला जोडलेली असते, म्हणून त्याच सिलिंडरचा प्लग पांढरा निघतो.

पीसीव्ही व्हॉल्व्ह ही मुद्दाम ठेवलेली, मोजून दिलेली गळती आहे. आयडलच्या जोरदार व्हॅक्यूमला त्यातला दांडा खेचला जाऊन वाट बारीक होते. चिखलासारख्या तेलाने तो उघडा अडकला की मोजमाप संपलं. इंजिन चालू असताना व्हॉल्व्ह कव्हरमधून उपसून तोंडावर बोट ठेवा: ओढ जाणवली पाहिजे आणि आयडल किंचित खाली आलं पाहिजे. काहीच झालं नाही तर तो तुंबलाय, इंजिन एकदम सुधारलं तर तो उघडा अडकलाय. हलवल्यावर खुळखुळतो म्हणजे चांगला, असं सांगतात, पण खुळखुळणारा व्हॉल्व्हही चुकीच्या मापाचा असू शकतो. दिसायला सारखे पण आतल्या छिद्राने वेगळे असे पीसीव्ही सर्रास बसवलेले दिसतात, तेव्हा पार्ट नंबर बघून घ्या.

डेल्कोवरचा ॲडव्हान्सचा डायफ्रॅम तपासायला नळीच्या टोकाने तोंडाने ओढा आणि जिभेने अडवा. ओढ टिकली तर डायफ्रॅम शाबूत, लगेच सुटली तर फाटलेला. टोपी काढून बघितलंत तर ओढताना आतली प्लेट सरकताना दिसते. फाटलेला डायफ्रॅम दुहेरी मारतो, कारण गळती तर होतेच, शिवाय रस्त्यावर ॲडव्हान्स न मिळाल्याने पेट्रोलही जास्त जातं. त्याची नळी तुमच्या इंजिनावर चकतीच्या वरच्या छिद्राला हवी की खालच्या, हे मॅन्युअलमधून पक्कं करा. आधीच्या कुणीतरी अदलाबदल केलेली गाडी कितीही साफ केली तरी आयडलला नीट बसत नाही.

ईजीआर असेल तर तुमच्या लक्षणांशी तो हुबेहूब जुळतो, हे लक्षात ठेवा. तो काजळीने किंचित उघडा राहिला की जळालेला वायू आयडलला आत येतो, इंजिन थरथरतं आणि रेसवर मोकळं होतं. शिवाय त्याच्या नळीत बहुधा तापमानावर चालणारा स्विच असतो, त्यामुळे थंडपणी सगळं ठीक आणि गरम झाल्यावर त्रास. पण चोकच्या चाचणीत तो वेगळा ओळखू येतो, कारण इथे हवा जास्त नसते, मिश्रण पातळ झालेलं असतं जळक्या वायूने. नळी काढून बंद केली तरी फरक पडला नाही तर त्याच्या बुडाखाली काढता येईल असा पातळ पत्रा घालून बघा. सुधारलं, तर व्हॉल्व्ह उतरवून बैठक साफ करा आणि पत्रा काढून टाका.

उरलेल्यांत हीटर-व्हेंटच्या व्हॅक्यूम कंट्रोलची गंमत अशी की गळती फक्त एका बटणावर असते. म्हणून आयडल ऐकत सगळी बटणं एकदा फिरवून बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि सायलेन्सरमधून विनाकारण पांढरा धूर येत असेल तर मॉड्युलेटरची (गिअरबॉक्सवरच्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डबीची) नळी काढा. तिच्यात गिअरचं तेल दिसलं तर डायफ्रॅम गेला आणि इंजिन ते तेल पीत आहे. आणि नळ्या जोडून जिथे काही नाही तिथेही बघा. कार्ब्युरेटरच्या मागच्या अंगाला न वापरलेल्या छिद्रावर एक छोटी रबरी टोपी असते. ती उष्णतेने खालून चिरते, वरून अख्खी दिसते. आरसा किंवा बोट घातल्याशिवाय ती सापडत नाही.

सगळं बंद करूनही थरथर राहिली तर सांधे. कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, त्याखालचा बॅकेलाइटचा ठोकळा आणि त्याची दोन्ही पॅकिंगं, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यातलं पॅकिंग, आणि थ्रॉटलच्या दांड्याची दोन टोकं. शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम बदलला की तिथे गळती असं ठरवतात. चालतं, पण ज्या इंजिनात इनटेक आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांखाली असतात तिथे तापलेल्या लोखंडावर ज्वालाग्राही फवारा मारणं मला मान्य नाही. न पेटवलेल्या गॅसची नळी फिरवण्यालाही तेच लागू. साधं पाणी बारीक फवाऱ्याने मारा. सांध्यावर पाणी पडलं की ते क्षणभर भोक बुजवतं, फुसफुस थांबते आणि आयडल हलतं. डेल्को आणि लालबुंद एग्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका. किंवा हातभर लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं सांध्यांवरून फिरवा, बारीक शिट्टी थेट ऐकू येते. धुराचं यंत्र कुणाकडे असेल तर इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये धूर भरणं सर्वांत निवांत.

बुडाची गळती सापडली म्हणून नट आणखी आवळू नका. बहुतेक वेळा जास्त आवळल्यानेच कार्ब्युरेटरचा कान वाकलेला असतो. उतरवा, सरळ पट्टी लावून प्रकाशात बघा, वाकलेलं असेल तर सपाट करून घ्या, नवी पॅकिंगं घाला आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. मॅनिफोल्डचे नट मधून कडेला. पॅकिंगला सिलिकॉन थापण्याची सवय सोडा. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे नको तिथे जातात. व्ही आकाराच्या इंजिनात मॅनिफोल्डचं पॅकिंग खालच्या बाजूने, टॅपेटच्या खोबणीकडे गळू शकतं. बाहेर कितीही फवारा, काही कळणार नाही. पीसीव्ही आणि ब्रीदर बंद करून ऑइल भरण्याच्या तोंडावर हात ठेवा. निरोगी इंजिनात तिथे हळूहळू दाब वाढतो. उलट ओढ जाणवली तर गळती आतल्या अंगाला आहे.

थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून बघा. इंजिन चालू असताना हलवल्यावर आयडल बदलत असेल तर दांडा आणि त्याची भोकं झिजलीत. ही हवा स्क्रूने भरून काढता येत नाही, कारण दांडा दर वेळी वेगळ्या जागी बसतो, म्हणून आयडलही दर वेळी वेगळं येतं.

नळ्या बदलताना एका वेळी एकच काढा, तेवढ्याच लांबीची आणि आतल्या मापाची घाला. जुनी नळी टोकाला ताठ झालेली असेल आणि लांबी पुरत असेल तर बोटभर टोक कापून पुन्हा बसवणं हा तात्पुरता इलाज आहे, फार तर घरी पोचण्यापुरता. बूस्टरला व्हॅक्यूमने न चेपणारी, आतून विणलेली नळी लागते. कॅनिस्टरच्या नळीतून पेट्रोलची वाफ जाते, तिला पेट्रोल सोसणारं रबर हवं. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या देखण्या असतात, पण या जागी नकोत. वळणावर नळी घडी पडून मिटली तर गळतीइतकाच घोळ होतो, तिथे तयार कोपरा वापरा.

गळती कुठेच नाही, चोकच्या चाचणीने मिश्रण लीन दाखवलं, तर आयडलचाच मार्ग तुंबलेला आहे. आयडल जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, डोळ्याला न दिसणारा कण पुरतो. तुम्ही कार्ब्युरेटर साफ केला म्हणता, पण बुडवून पुसणं आणि प्रत्येक वाटेतून हवा मारून ती पलीकडून निघते हे बघणं यात फरक आहे. तार घालू नका, छिद्र मोठं होतं. आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (चावी बंद केली की आयडलचं पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर 'टिक' ऐकू आला पाहिजे. त्याची वायर सैल असणं हा सर्वांत स्वस्तात सुटणारा बिघाड. प्लग काळे निघाले होते तर फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुई) आणि चोक पूर्ण उघडतो का हे बघा. आयडलला मेन नळीतून थेंब गळताना दिसले तर पेट्रोलची पातळी वर आहे. पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल देणारा) असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये त्याचा डायफ्रॅम बॅकफायरने फाटतो आणि आयडल कायम रिच राहतं. टॅपेट घट्ट असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. गेजचा तो नियमित झटका आठवा. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. दोन शेजारचे सिलिंडर एकदम कमी निघाले तर हेड गॅस्केट. इंजिनाचे रबरी माउंट तुटलेले असतील तर ठणठणीत इंजिनही आत बसलेल्याला थरथरतं, गेज स्थिर आणि स्टिअरिंग मात्र नाचतं.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, टायमिंग बरोबर. तुमचा स्क्रू पेट्रोल-मिश्रणाचा आहे की हवेचा ते आधी बघा. थ्रॉटलजवळ, खालच्या अंगाला असलेला बहुधा मिश्रणाचा, तो आत नेला की लीन. वरच्या, हवा येणाऱ्या बाजूचा असेल तर उलट. हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. दाबून टेकवलात तर सुईचं टोक कायमचं खराब होतं. गेज बघत पाव पाव फेरा फिरवा आणि काटा जिथे सर्वांत वर आणि स्थिर असेल तिथे थांबा. स्पीड स्क्रूने आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, मग पुन्हा मिश्रण, कारण एक हलवला की दुसरा हलतो. एसयू प्रकारचा (ज्यात पिस्टन वरखाली होतो असा) कार्ब्युरेटर असलेल्यांसाठी: आधी डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळकांड्यात) तेल आहे का बघा, मग पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन बंद पडू लागलं तर लीन, किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर.

राहिला नव्या कार्ब्युरेटरचा प्रश्न. दांडा हलतो आणि तिथे पाणी मारल्यावर आयडल बदलतं, एवढं सिद्ध झालं तरच तो विषय काढा. तेव्हाही आधी भोकं मोठी करून पितळी बुश बसवणारा चांगला कारागीर शोधा. मूळ कार्ब्युरेटरचे जेट तुमच्याच इंजिनासाठी मापलेले असतात, 'सगळ्यांना बसतो' असं सांगून मिळणाऱ्या नव्याचे नसतात. शिवाय गळती मॅनिफोल्डमध्ये असेल तर नवा कार्ब्युरेटरही पहिल्याच दिवशी तसाच थरथरेल, आणि मग तुम्ही त्याचाही स्क्रू पिळायला लागाल.